नितळ पाण्यात बास मासा मागे येतो, बघतो आणि वळून जातो, सॉफ्ट प्लॅस्टिकचं आमिष तोंडात घेतच नाही, काय करू?

पहाटेची_गरी

मंडळी नमस्कार, गेले तीन रविवार एकाच तळ्यावर गरवायला जातोय आणि तिन्ही वेळा अगदी तेच घडलं. पाणी इतकं नितळ आहे की आठ-दहा फुटांवरचे तळाचे दगड मोजता येतात, लार्जमाउथ बास डोळ्यांना सरळ दिसतात, त्यातले दोन-तीन तर चांगलेच दणकट आहेत. मी पाच इंची स्टिक वर्म (गांडुळासारखं मऊ प्लॅस्टिकचं आमिष) टेक्सास रिग करून, म्हणजे गळाचं टोक प्लॅस्टिकमध्ये लपवून आणि पुढे वजन लावून टाकतो, मासा येतो, वीतभर अंतरावर थांबतो, वर्मकडे बघत राहतो, कधी कधी तर आणखी जवळ सरकतो, मला वाटतं आता घेणार, आता घेणार, आणि तो सावकाश वळून निघून जातो. पळूनही जात नाही, नुसता वळतो. आणि एकदा वळला की त्या माशापुढे नंतर काहीही टाका, ढुंकून बघत नाही.

सामान सांगतो म्हणजे अंदाज येईल. 15 पौंडाचा ताण झेलणारी साधी नायलॉन लाइन, 3/8 औंसाचं म्हणजे साधारण 10 ग्रॅमचं बुलेट वजन, वर्मचे रंग जूनबग (तो गडद जांभळा) आणि चार्ट्र्यूज (भडक पिवळट हिरवा). काठावर एक उंच खडक आहे त्यावर उभा राहून टाकतो कारण तिथून मासे छान दिसतात. हेच सामान घेऊन गढूळ पाण्यात मला व्यवस्थित मासे मिळालेत म्हणून कोडं सुटत नाहीये. रंग चुकतोय का? वर्म मोठा होतोय का? की हे मासे आता शहाणे झालेत? मनापासून शिकायचंय, जे सुचेल ते सांगा.

काठावरचा

भाऊ, रंगाचं नंतर बघू, आधी त्या खडकावरून खाली उतर. तू लिहिलंस ना की तिथून मासे छान दिसतात, तर तिथून तूही त्यांना छान दिसतोस. आणि जो मासा येऊन, बघून, सावकाश वळतो तो बरेचदा वर्मला नाही म्हणत नसतो, त्याला काठावर काहीतरी खटकलेलं असतं, भूक आणि संशय दोन्ही एकदम असतात आणि संशय जिंकतो.

पाण्याखालून वरचं जग कसं दिसतं ते एकदा नीट समजून घे, खूप उपयोग होतो. माशाला वरचं सगळं एका गोल खिडकीतून दिसतं, त्या खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या साधारण सव्वादोन पट असतो. म्हणजे मासा 2 मीटर खोल असेल तर त्याच्या डोक्यावर साडेचार मीटरचं एक वर्तुळ, आणि त्याच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा, त्यात तळाचंच प्रतिबिंब. आता तुला वाटेल की मग मी त्या वर्तुळाच्या बाहेर उभा आहे, बरं आहे. तसं नाही. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो त्यामुळे काठावरचं सगळं जग त्या खिडकीच्या कडेला दाबून बसवलेलं असतं. तू जितका उंच आणि जितका जवळ तितका कडेपासून आत सरकतोस आणि मोठा दिसतोस. खाली बसलास, मागे सरकलास, की कडेच्या त्या चेपलेल्या पट्टीत जातोस आणि जवळपास नाहीसा होतोस. म्हणून बसून किंवा गुडघ्यावर टाक, पाण्यापासून दोन-तीन पावलं मागे राहून टाक, मागे झाडझुडूप असेल तर उत्तमच.

सावलीकडे पण लक्ष ठेव. सकाळी सूर्य पाठीशी असेल तर तुझी आणि रॉडची लांबलचक सावली थेट पाण्यात पडते, कास्ट करताना ती सावली माशाच्या अंगावरून सर्रकन जाते, त्याला ते वरून आलेल्या पक्ष्यासारखंच. सूर्य समोर घे, पोलराइज्ड चष्मा लाव, थोडं कमी दिसेल पण चालतं. पाय पण हळू टाक, काठावर धपधप चाललेलं पाण्यात पोचतं आणि माशाच्या अंगावर बाजूनं जी संवेदनारेषा असते तिला असले हादरे लगेच कळतात.

आणि दिसणाऱ्या माशाच्या डोक्यावर वर्म टाकू नको. त्याचं तोंड कुठे आहे, तो कुठे निघालाय ते बघ, त्याच्या वाटेवर दोन-तीन मीटर पुढे आणि थोडं पलीकडे पडू दे. एखाद्या माशानं तुला बघितलंय अशी शंका आली तर त्याला सोड, जागा लक्षात ठेव, अर्ध्या तासानं दुसऱ्या बाजूनं ये.

संथधार

काठावरचा यांनी म्हटलंय ते सगळं आधी करा, त्याशिवाय पुढचं काही उपयोगाचं नाही. पण मला 10 ग्रॅमचं वजन वाचून राहवत नाहीये.

नितळ पाण्यात बास वर्म बघतो तो मुख्यतः पडताना बघतो. गढूळ पाण्यात धप्प आवाज झाला, काहीतरी हललं, तो तिकडे वळला आणि अंदाजानं तोंडात घेतलं, तिथे वजन चालून जातं, उलट मदतच करतं. इथे त्याला सगळं लांबून स्पष्ट दिसतंय. एखादा जीव मुंडी खाली करून दगडासारखा सरळ तळाशी जात नाही, तुमचा वर्म तसा जातोय. वजन काढून टाका, पूर्ण काढा. स्टिक वर्ममध्ये मीठ मिसळलेलं असतं त्यामुळे तो स्वतःच्याच वजनानं बुडतो, पाच इंची वर्म रिकामा असतानाही नऊ-दहा ग्रॅमचा असतो, त्यामुळे स्पिनिंग रीलवर बिनवजनाचाही चांगला लांब जातो.

आता तो मधोमध टोचा, म्हणजे वॅकी रिग. गळ वर्मच्या पोटातून आडवा, दोन्ही टोकं मोकळी. ढिल्या लाइनवर असा वर्म आडवाच खाली येतो आणि येताना दोन्ही टोकं बारीक थरथरत असतात. ही थरथर तुम्ही करायची नाही, ती आपोआप होते, आणि फक्त लाइन ढिली असेल तरच होते, लाइन ताणलीत की वर्म झोक्यासारखा तुमच्याकडे येतो आणि थरथर बंद. म्हणून टाकल्यावर बेल (रीलवरची लाइन अडवणारी तार) बंद करा, रॉड खाली, लाइन ढिली सोडा आणि हात बांधून बसा. खरंच काही करू नका. तळाला पोचला की आणखी दहा-पंधरा आकडे मोजा. मग रॉडचं टोक हळूच वर, वर्म दोन फूट उचलला की परत ढिलं. दोन-तीनदा केलंत की गुंडाळा आणि पुन्हा टाका.

आता तुमचा मूळ प्रसंग, मासा वीतभर अंतरावर येऊन थांबलाय. इथे बहुतेक जण वर्म हलवतात, म्हणजे ते तोंडासमोर नाचवणं, आणि मासा वळतो. बास चावत नाही हे लक्षात घ्या, तो जवळ येतो, तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट ओढून घेतो, त्यासाठी त्याला अगदी जवळ यावंच लागतं, तर ते वीतभर अंतर हेच त्याचं ठरवण्याचं अंतर आहे. तेव्हा वर्म पडत असेल तर पडू द्या. तळावर असेल तर तसाच राहू द्या. तो नाक खाली करून बघत राहिला, कल्ले जोरात हलायला लागले, पण घेत नाहीये, तर एकदाच, अर्धा इंच, आणि तो सुद्धा माशापासून लांब जाईल असा हलवा. भक्ष्य कधी शिकाऱ्याच्या तोंडाकडे जात नाही, पळतं. तुमचा वर्म जर नेमका माशाच्या दिशेनं सरकला तर खेळ खलास.

रंगाबद्दल. जूनबग गढूळ पाण्यात मलाही आवडतो कारण तिथे ठळक काळपट आकार दिसावा लागतो. नितळ पाण्यात ग्रीन पंपकिन, वॉटरमेलन, धुरकट अर्धपारदर्शक, इतकंच ठेवा. लार्जमाउथच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात, एक लालसाठी एक हिरव्यासाठी, चार्ट्र्यूज आणि पांढरा यात त्याचा गोंधळ होतो, गडद निळा आणि काळा यातही होतो. त्यामुळे तुम्ही आणलेल्या जांभळ्या-निळ्या छटांमधला बारीक फरक आपल्यासाठी आहे, त्याच्यासाठी फारसा नाही, हिरवट मातकट मात्र त्याला नीट कळतं आणि तळाशी मिसळूनही जातं. आणि पाचऐवजी चार इंची आणा.

पहाटेची_गरी

दोघांचे खूप आभार, खडकाचं वाचून डोळे उघडले, मी तर ती जागा सगळ्यात भारी समजत होतो. संथधार दादा, दोन शंका आहेत. लाइन ढिली ठेवली तर माशानं घेतलं हे कळणार कसं? मला आत्तापर्यंत हाताला टकटक लागली की कळायचं. आणि दुसरं म्हणजे ही 15 पौंडी लाइन, ती पण बदलू का, की चालेल?

गळ_आणि_गाठ

लाइनवर मी लिहिते, हा माझा आवडता विषय आहे.

बदल. 15 पौंडी नायलॉन नितळ पाण्यात दोन कारणांनी नडते आणि दिसणं हे त्यातलं लहान कारण आहे. जाड लाइन बिनवजनाच्या वर्मला मोकळं पडूच देत नाही, वर्तुळं घालत पाण्यावर पडते, नायलॉन फार हळू बुडते, त्यामुळे वर्म एकीकडे आणि लाइनचा पोक दुसरीकडे, सगळी थरथर मारली जाते. रीलवर 10 पौंडाची ब्रेड (विणलेली लाइन) भर आणि पुढे 6 किंवा 8 पौंडाच्या फ्लुरोकार्बनचा आठ-दहा फुटी लीडर (गळाकडचा लाइनचा तुकडा) जोड. फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा बरीच जड असते, बुडते, शिवाय तिचा अपवर्तनांक 1.42 च्या आसपास, पाण्याचा 1.33, नायलॉनचा 1.5 च्या वर, म्हणजे प्रकाश तिच्यातून जाताना कमी वाकतो आणि ती कमी चमकते. अदृश्य होते असं डब्यावर लिहिलेलं असतं ते खरं नाही, कमी दिसते एवढंच. पातळ असणं जास्त महत्त्वाचं.

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी नॉट सगळ्यात बारीक, रॉडच्या कड्यांतून अडकत नाही, जमेपर्यंत डबल युनी बांध, ती पण उत्तम आहे. काहीही बांध पण आवळण्याआधी गाठ ओली कर आणि हळू आवळ, फ्लुरोकार्बन कोरडी खेचली की घासून तापते आणि नेमकी गाठीत कमकुवत होते, मग मोठा मासा तिथेच तोडून जातो.

आता घेतल्याचं कळणार कसं. डोळ्यांनी. ढिल्या लाइनवर हात आंधळा असतो, म्हणून तर मी उजळ रंगाची ब्रेड वापरते, लीडर आहे म्हणून माशाला ती जवळ दिसत नाही आणि मला पाण्यावर स्पष्ट दिसते. लाइन पाण्यात जिथे शिरते त्या बिंदूवर नजर ठेव. ती टुचकन उडी मारते, किंवा बाजूला चालायला लागते, किंवा तिसरी खूण जी सगळ्यात जास्त हुकते, ती मधेच बुडायची थांबते. त्यासाठी पडताना मोजायचं. समजा त्या जागी तळ यायला बारा आकडे लागतात आणि आज लाइन सातलाच थांबली, तर मध्ये तळ नाहीये, मासा आहे. बास नको असलेली वस्तू क्षणात थुंकतो, हाताला टकटक लागते तेव्हा बऱ्याचदा तो थुंकत असतो.

आणि मग जोरात झटका मारायचा नाही. टेक्सास रिगमध्ये गळ प्लॅस्टिकमधून बाहेर यावा लागतो म्हणून आपल्याला दणका द्यायची सवय असते. वॅकीला गळ उघडा असतो, बारीक तारेचा, 1 किंवा 1/0 नंबरचा घे, ढील पटकन गुंडाळ, वजन जाणवलं की रॉड बाजूला ओढत गुंडाळत राहा, टोक आपोआप बसतं. ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल ठेव, 6 पौंडी लीडर आहे हे विसरू नको.

निळीसावली

सगळं पटलं पण एक बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. संथ, आणखी संथ, आणखी संथ हेच उत्तर नेहमी बरोबर नसतं. मासा वळतोय कारण त्याला निरखायला वेळ मिळतोय. दुसरा उपाय म्हणजे वेळच देऊ नका. मी नितळ पाण्यात दिवसाची सुरुवात कायम सॉफ्ट जर्कबेटनं करतो, तो फ्लूक नावाचा मिळतो तसा, माशाच्या आकाराचा, बिनवजनाचा, दोन झटके आणि एक थांबा, दोन झटके आणि एक थांबा, पाण्याच्या फूटभर खाली. तो सैरावैरा इकडेतिकडे उडतो, बासला विचार करायला फुरसत नाही, मागे लागतो आणि थांब्याला घेतो. स्मॉलमाउथ (बासचीच दुसरी जात) असतील तर हेच आधी, त्यांना पळणारी वस्तू सहन होत नाही. जो मासा मागे येऊन घेत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या रॉडवर वॅकी तयार ठेवायचा आणि तो वळायच्या आत शेजारी सोडायचा, मला अर्धे मासे असेच मिळतात.

आणि वेळ, जागा. नितळ पाणी, डोक्यावर ऊन, वारा शून्य, यापेक्षा वाईट जुळणी नाही. ज्या काठावर वारा लाटा आणून आपटतोय तिकडे जा, गार लागलं तरी जा. पाण्यावर लहानशी लहर उठली की ती गोल खिडकी फुटते, मासा तुला नीट बघू शकत नाही, वर्मला पण नीट बघू शकत नाही, आणि धीट होतो. पहाट आणि तिन्हीसांजेचा अर्धा तास सोडू नको. भर दुपारी जायचंच असेल तर उघड्यावर फिरणारे मासे विसर, ते दिसतात म्हणून मोह होतो पण घेणारे मासे सावलीत असतात, धक्क्याखाली, पडलेल्या झाडाखाली, गवताच्या कडेला, आणि ते तुला दिसत नाहीत. त्या सावलीच्या आत वर्म घालायचा, कडेला नाही, आत.

शहाणे झालेत का विचारलंस, तर त्यातही तथ्य आहे. इलिनॉयमधल्या रिज लेकवर 1970 च्या दशकात संशोधकांनी पकडलेले लार्जमाउथ खुणा करून सोडले, काही मासे पुन्हा पुन्हा गळाला लागले आणि काही कधीच लागले नाहीत, मग दोन्ही गटांची वेगवेगळी पैदास केली तर पुढच्या पिढ्यांतही तो फरक उतरला, 2009 मध्ये ते निष्कर्ष छापून आले. म्हणजे काही मासे जात्याच गळाला न लागणारे असतात. त्या दणकट एकाच माशावर सगळा दिवस घालवू नको, पुढचा बघ.

संथधार

निळीसावली, जर्कबेट आधी आणि वॅकी नंतर हा क्रम मलाही मान्य आहे, पाणी 20 अंशांच्या वर असेल तर. पाणी थंड असेल, किंवा काल पाऊस-वारा होऊन आज आभाळ निळंशार लख्ख झालंय, तेव्हा बास पाठलाग करत नाही, मला तरी तसा दिवस कधी मिळाला नाही. तेव्हा नेड रिग, अडीच-तीन इंचाचा तुकडा, 1/16 किंवा 1/10 औंसाचं मशरूमच्या आकाराचं डोकं. त्यासाठी तरंगणारं प्लॅस्टिक घ्या, इलाझटेकसारखं, डोकं तळावर टेकतं आणि शेपूट उभी राहते, तुम्ही काही न करता पाण्याच्या हालचालीनं डुलते. फक्त ते वर्म साध्या वर्मच्या पिशवीत एकत्र ठेवू नका, दोन्ही एकमेकांना वितळवतात.

पहाटेची_गरी

काल गेलो होतो, सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत.

खडकाकडे गेलोच नाही. वारा लागत होता त्या बाजूला झुडपाच्या पुढे मांडी घालून बसलो, 8 पौंडी लीडर, चार इंची ग्रीन पंपकिन, वॅकी. पहिला तास काही नाही, आणि तो तास कठीण गेला कारण हात सारखे शिवशिवत होते. मग एक मासा आला, तसाच थांबला, मी काहीही केलं नाही, वर्म तळाला बसला, तो वर उभा राहून बघत राहिला, मी मनात मोजत होतो, नऊ-दहाच्या सुमारास त्यानं मुंडी खाली केली आणि वर्म दिसेनासाच झाला! हाताला काही म्हणजे काही जाणवलं नाही, लाइन फक्त डावीकडे चालायला लागली. ढील गुंडाळून ओढलं आणि बसला. फार मोठा नव्हता पण तीन आठवड्यांतला पहिला, सोडताना हात थरथरत होते. दुसरा पडता पडता सहाव्या आकड्यालाच घेतला, ताई तुमचं मोजायचं कामी आलं. तिसऱ्याला मी सवयीनं झटका मारला आणि सुटला. तो दणकट मात्र लांबूनच निघून गेला, वर्मकडे आलाच नाही.

एक अडचण, प्रत्येक माशानंतर वर्म मधोमध फाटतो, दहाची पिशवी दोन तासांत अर्धी झाली. यावर काही आहे का?

गळ_आणि_गाठ

वा, वाचून फार आनंद झाला, विशेषतः तू दहापर्यंत हात आवरलास त्याचा.

फाटण्यावर सोपा उपाय आहे, रबरी ओ-रिंग. वर्मच्या मधोमध चढवायची आणि गळ वर्ममध्ये न टोचता रिंगखालून घालायचा, मग एकच वर्म पाच-सहा मासे टिकतो. मधे फाटलेला वर्म टाकायचाही नाही, अर्धा तुकडा नेड रिगला बरोबर बसतो. आणि अगदी चिंध्या झालेले तुकडे खिशात घालून घरी आण, पाण्यात सोडू नको. हे प्लॅस्टिक कुजत नाही, मासे तळावरून उचलून गिळतात आणि ते त्यांच्या पोटात अडकून राहतं.

वॅकीचा एक तोटा पण माहीत असू दे. मासा शांतपणे गिळत राहतो, म्हणून लाइन चालायला लागली की लगेच गुंडाळायला घे, आणखी थांबू नको. तरीही गळ घशात खोल गेला असेल तर ओढून काढायचा प्रयत्न करू नको, लाइन गळाजवळ कापून सोड, त्याच्या जगण्याची शक्यता जास्त राहते. हात ओले करून धर.

आणि तो दणकट, तो कुठे दिसतो रे तुला? एकाच जागी, तळावर स्वच्छ केलेल्या वाटोळ्या खळग्याजवळ घुटमळतो का? पाणी 15 ते 20 अंशांत असताना बास अंडी घालतात आणि त्यावर नर पहारा देतो, तसं असेल तर त्याला राहू दे, तो पाच मिनिटं जरी हलला तरी बाकीचे लहान मासे अंड्यांवर तुटून पडतात. खळगा नसेल आणि तो मोकळा फिरत असेल तर त्याची फेरी बघून ठेव, मोठे मासे ठरावीक वाटेनं फिरतात, तो येण्याच्या पाच मिनिटं आधीच वर्म त्या वाटेवर तळाशी नेऊन ठेव आणि लाइन तळाला टेकवून बस.

पहाटेची_गरी

खळगा नाही दिसला ताई, तो पडलेल्या झाडापासून गवताच्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो, एका फेरीला वीसेक मिनिटं लागतात. झाडाच्या टोकाशी तळ वाळूचा आहे. रविवारी तिथेच आधी वर्म ठेवून बसतो, लिहीन काय होतं ते.